ड्राइव्हवर नाव एकाचं, आतला माल दुसऱ्याचा: डीव्हीडी रायटरचं फर्मवेअर कसं निवडायचं

नमस्कार मंडळी. डीव्हीडी रायटर आता कोण वापरतंय असं सगळे म्हणतात, पण आपल्या सोलापुरात बघा, कोर्टात सीसीटीव्हीचं फुटेज द्यायचं तर वकीलसाहेब अजून सीडी करून आणायला सांगतात, सीटी स्कॅन नाहीतर एमआरआयची फाइल बऱ्याच ठिकाणी सीडीवरच हातात पडते, आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना घरातली मोठी माणसं डीव्हीडीच मागतात कारण त्यांच्याकडं टीव्हीखाली जुना प्लेअर असतो. त्यामुळं जुन्या ऑफिसच्या पीसीतून निघालेले, नाहीतर नवी पेठेत सेकंड हँड मिळालेले ड्राइव्ह लोक घेतात आणि मग अडकतात. ड्राइव्हवर एचपी लिहिलंय, एचपीच्या साइटवर फर्मवेअर नाही, कोणीतरी सांगतं एलजीचं टाक, कोणी सांगतं लाइट-ऑनचं टाक, आणि चुकीची फाइल टाकली की ड्राइव्ह कायमचा बंद. हे सगळं नीट क्रमानं कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

मूळ गोष्ट आधी डोक्यात घ्या. ऑप्टिकल ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या आणि विकणाऱ्या ढीगभर. आपल्याकडं चादर एकाच लूमवर विणली जाते आणि लेबल मात्र दहा दुकानांची लागतात ना, तसंच आहे हे. समोरच्या पट्टीवरचं नाव म्हणजे लेबल. फर्मवेअर निवडायचं ते लूम बघून.

१. आधी बघा, फर्मवेअर बदलायची खरंच गरज आहे का

फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या चिपमधला प्रोग्राम. लेझर किती पॉवरनं मारायचा, कुठली डिस्क कुठल्या स्पीडला लिहायची, हे सगळं त्यात असतं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर बनवणाऱ्याचा एक कोड असतो, त्याला मीडिया कोड म्हणतात, आणि फर्मवेअरमध्ये अशा कोडांचा तक्ता असतो, कोडाप्रमाणं लिहायची पद्धत ठरलेली असते. तुमची डिस्क त्या तक्त्यात नसली तर ड्राइव्ह आपला अंदाजानं सर्वसाधारण पद्धत वापरतो, स्पीड पण कमी देतो, आणि मग डिस्क वाईट लिहिली जाते.

म्हणून फर्मवेअर बदलायची योग्य कारणं दोनतीनच. एक, ड्राइव्ह जुना आणि डिस्क त्याच्यानंतर बाजारात आलेली. दोन, तुमच्या ब्रँडनं काही सोयी बंद केल्यात आणि मूळ कंपनीच्या फर्मवेअरमध्ये त्या चालू आहेत. यात सगळ्यात कामाची सोय म्हणजे बुकटाइप, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची आहे हे सांगणारी तिच्यावरची खूण, बदलणं. डीव्हीडी प्लस आर डिस्कचा बुकटाइप डीव्हीडी रॉम केला की प्लेअरला ती कारखान्यात छापलेली डिस्क वाटते आणि जे जुने प्लेअर नुसती प्लस आर ओळखत नाहीत ते पण ती चालवतात, लग्नाच्या शूटिंगवाल्यांना याचा लई उपयोग होतोय. पण लक्षात घ्या, हे फक्त प्लस आर वगैरे प्लस वाल्या डिस्कला जमतं, डीव्हीडी मायनस आर ला जमत नाही, कुठलंही फर्मवेअर टाका. तीन, कंपनीनंच एखादा दोष दुरुस्त करून नवीन व्हर्जन काढलंय आणि तो दोष तुम्हाला खरंच दिसतोय.

याच्याबाहेर जे काही असेल त्याचं औषध फर्मवेअर नाही. ड्राइव्ह डिस्कच ओळखत नाही, मध्येच एरर देतो, सीडी वाचतो पण डीव्हीडी नाही, यात बहुतेक वेळा लेन्सवर घाण असते नाहीतर लेझर थकलेला असतो. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, दोन्ही वेगळे, म्हणून एक चालतो आणि एक बंद पडतो असं होऊ शकतं. आपल्याकडं धूळ आहे, आणि ज्यांची घरं-दुकानं यंत्रमागाच्या आजूबाजूला आहेत त्यांना तर माहितीच आहे की कापसाचे बारीक तंतू कशावरही बसतात. कॅबिनेटच्या फॅननं ते आत ओढले जातात आणि ट्रेच्या फटीतून लेन्सवर जातात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब इअरबडवर घेऊन लेन्स हलक्या हातानं पुसा, दाबू नका, ती स्प्रिंगवर तरंगत असते. मग दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून बघा. एवढ्यावर काम झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आणखी एक. ड्राइव्ह विंडोजमधून अचानक गायब झाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १९ नाहीतर कोड ३९ दिसतोय, तर तो सहसा रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग जिथं साठवतं तिथल्या) अपर फिल्टर्स, लोअर फिल्टर्स या नोंदींचा घोळ असतो, एखादं बर्निंग सॉफ्टवेअर काढताना राहिलेला. फर्मवेअरला हात लावू नका.

२. काय काय जवळ पाहिजे

- ड्राइव्हच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, वरचा आणि मागचा
- डेस्कटॉप पीसी, ज्यात ड्राइव्ह सरळ साटा केबलनं (हार्ड डिस्कला असते तीच) लागेल
- यूपीएस, बॅटरी चांगली असलेला
- इमगबर्न किंवा डीव्हीडी आयडेंटिफायर, डिस्कचा मीडिया कोड बघायला
- तपासणीसाठी नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल
- एक सरळ केलेली पेपर क्लिप
- चांगल्या दोनतीन कोऱ्या डिस्क आणि एक छापील, कंपनीची डिस्क

सेकंड हँड घेताना दुकानदाराला सरळ म्हणा, "मालक, स्टिकरचा फोटो काढून घेऊ का?" स्टिकर फाटलेला किंवा खरवडलेला असेल तर तो ड्राइव्ह घेऊच नका, पुढं ओळख पटवायला त्रास होतो.

३. ड्राइव्ह नेमका कोणी बनवलाय ते शोधा

यात घाई केली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथं जास्त वेळ द्या.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब, तिथं यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. ड्राइव्ह स्वतःची ओळख तीन तुकड्यात देतो: पहिली ८ अक्षरं बनवणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची, पुढची १६ मॉडेलची, आणि शेवटची ४ फर्मवेअर व्हर्जनची. रिकाम्या जागी अंडरस्कोर दिसतात. ही ओळ जशीच्या तशी कॉपी करून ठेवा.

पहिल्या तुकड्यावरून बरंच कळतंय:

एचएल-डीटी-एसटी असेल तर हिताची-एलजी डेटा स्टोरेज, म्हणजे एलजीचा माल. टीएसएसटीकॉर्प म्हणजे तोशिबा-सॅमसंग. मात्शिता म्हणजे पॅनासोनिक. पायोनियर सरळ पायोनियर असं लिहितो. ऑप्टिआर्क म्हणजे सोनी आणि एनईसीचं मिळून झालेलं, २००६ ला सुरू झालं, नंतर पूर्ण सोनीकडं गेलं आणि २०१३ ला बंद पडलं, म्हणून यांची नवीन फर्मवेअर आता येणारच नाहीत. पीएलडीएस म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये स्लिमटाइप दिसलं तर तो पण त्याच घरातला.

आता फसवणारा प्रकार. पहिल्या तुकड्यात नुसतं एटीएपीआय लिहिलेलं असतं. ते कंपनीचं नाव नाहीच, जोडणीच्या पद्धतीचं नाव आहे, आणि लाइट-ऑनचे बरेच ड्राइव्ह असंच सांगतात. उदाहरण घ्या, लाइट-ऑनचा आयएचएएस१२४, आपल्याकडच्या असेंबल्ड पीसींमध्ये भरपूर बसलेला. त्याची ओळख एटीएपीआय, मग आयएचएएस१२४, मग थोडी जागा सोडून एक अक्षर, ए, बी, सी असं. ते अक्षर म्हणजे हार्डवेअरची आवृत्ती. बी चं फर्मवेअर सी ला चालत नाही, डबा सारखा, पट्टी सारखी, स्टिकर जवळजवळ सारखा, पण आतली चिप वेगळी असू शकते. लोक मॉडेल नंबर बघतात आणि त्या एका अक्षराकडं दुर्लक्ष करतात, आणि ड्राइव्ह तिथंच मरतात.

एचपी, डेल, लेनोवो, असूस असं पहिल्या तुकड्यात आलं तर मात्र स्टिकरच बघावा लागतो. ड्राइव्ह पीसीतून काढा, वरचा स्टिकर बघा. मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, पण खाली बारीक अक्षरात मॅन्युफॅक्चर्ड बाय किंवा मूळ मॉडेल नंबर सहसा असतो, शिवाय हार्डवेअर आवृत्ती, रॉम व्हर्जन आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. बारकोडच्या शेजारचं ते बारीक पण वाचा, फोटो मोठा करून. स्टिकरवर पण मिळालं नाही तर समोरच्या पट्टीच्या छोट्या भोकात पेपर क्लिप घाला, पीसी बंद असताना, ट्रे थोडा बाहेर येईल तो हातानं ओढा. ट्रेचा आकार, मधल्या चकतीची रचना, बटण आणि एलईडीची जागा, हे मूळ कंपनीच्या मॉडेलच्या फोटोशी ताडून बघता येतं. याला पुरावा म्हणू नका, आधार म्हणा. पुरावा स्टिकर आणि ती ओळख ओळ.

तोशिबा-सॅमसंगमध्ये अजून एक खूण आहे. मॉडेल एसएच नं सुरू होत असेल तर तो दुकानात सुटा विकलेला, टीएस नं सुरू होत असेल तर तो कॉम्प्युटर कंपनीला दिलेला. हार्डवेअर मिळतंजुळतं असलं तरी फर्मवेअरच्या शाखा वेगळ्या.

४. आता फर्मवेअर निवडा

माझा क्रम असा आहे आणि तो मोडायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

पहिली पसंती तुमच्याच ब्रँडचं, तुमच्याच मॉडेलचं, नवीन व्हर्जन. एचपी, डेल असल्या कंपन्या पीसीच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर ड्राइव्हचं फर्मवेअर ठेवतात, ड्राइव्हच्या नावानं शोधलं तर सापडत नाही, पीसीच्या नावानं किंवा सर्व्हिस टॅगनं (पीसीवरच्या कंपनीच्या नंबरनं) शोधा.

दुसरी पसंती मूळ बनवणाऱ्याचं, हुबेहूब त्याच हार्डवेअरचं. ड्राइव्हमध्ये फर्मवेअर लिहिणं म्हणजे फ्लॅश, आणि याला क्रॉसफ्लॅश म्हणतात. म्हणजे एका ब्रँडचा ड्राइव्ह दुसऱ्या ब्रँडच्या ओळखीनं चालवायचा. याची प्रसिद्ध जोडी म्हणजे प्लेक्स्टर पीएक्स-७४०ए. प्लेक्स्टरचं नाव त्या काळात फार मोठं होतं, पण हे मॉडेल मुळात बेनक्यूचं डीडब्ल्यू१६४० होतं, आणि लोक याचं त्याला, त्याचं याला टाकायचे. ब्ल्यू-रेमध्ये असूसचा बीडब्ल्यू-१६डी१एचटी हा एलजीच्या डब्ल्यूएच१६एनएस४० च्याच कुळातला, दोन्ही हिताची-एलजीचेच. पण इथं सावध राहा, या ब्ल्यू-रे ड्राइव्हमध्ये नंतरच्या फर्मवेअरनी मागं जायचा रस्ता बंद केलाय, म्हणजे नवीन टाकलं की जुनं परत साध्या पद्धतीनं बसत नाही. नुसतं नवीन दिसलं म्हणून टाकू नका, त्या व्हर्जननं काय काय बदलतं ते आधी वाचा.

तिसरं म्हणजे लोकांनी बदल करून बनवलेली फर्मवेअर. नवख्या माणसानं यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ फाइल कुठली, बदल काय केलेत, कोणाच्या ड्राइव्हवर चाललंय, हे तुम्हाला स्वतःला समजत असेल तरच.

निवडताना हे ताडून बघा, आणि यातलं एक जरी जुळलं नाही तर थांबा:

मॉडेल, हार्डवेअरचं अक्षर, चिपसेट म्हणजे आतली मुख्य चिप, साटा आहे की जुनं रुंद पट्टीच्या केबलचं आयडीई, ड्राइव्ह पूर्ण उंचीचा की लॅपटॉपचा, आणि लॅपटॉपचा असेल तर १२.७ मिलिमीटरचा की ९.५ चा. व्हर्जन नंबर मोठा म्हणजे नवीन असं डोळे झाकून धरू नका. चार अक्षरांतली पहिली एकदोन अक्षरं बऱ्याचदा शाखा सांगतात, कुठल्या ग्राहक कंपनीसाठी बनवलंय ते, आणि शेवटचे आकडे व्हर्जन. दोन वेगळ्या शाखांचे आकडे एकमेकांशी लावून बघण्यात काही अर्थ नाही.

हार्डवेअरमध्ये नाही ते फर्मवेअर देऊ शकत नाही, हे पण समजून घ्या. लाइटस्क्राइब, म्हणजे डिस्कच्या वरच्या बाजूला लेझरनं चित्र काढायची सोय, तिला मधल्या भागातला कोड वाचणारा वेगळा सेन्सर लागतो. तो नसेल तर मेनूत पर्याय दिसेल आणि चालणार नाही. डीव्हीडी रायटरचा ब्ल्यू-रे तर होणारच नाही, त्याला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो.

रिजनसाठी, म्हणजे कुठल्या देशांसाठीची डीव्हीडी चालेल त्या बंधनासाठी, कोणी फर्मवेअर बदलायला निघालं असेल तर आधी सेटिंग बघा. भारताचा डीव्हीडी रिजन ५. ड्राइव्हचा रिजन साधारण ५ वेळा बदलता येतो आणि मग शेवटचा कायम राहतो. सेकंड हँड ड्राइव्हमध्ये आधीच्या मालकानं बदलून आता किती वेळा बदलायचं शिल्लक आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्येच डीव्हीडी रिजन टॅबवर लिहिलेलं असतं.

फाइल कुठून घ्यायची? कंपनीचं सपोर्ट पान. ड्रायव्हर अपडेटर म्हणून जे प्रोग्राम मिरवतात त्यांच्याकडून अजिबात नाही, डीव्हीडी ड्राइव्हला विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आलीय का ते तपासायचा आकडा, दिलेला असेल तर जुळवा.

५. जुनं आधी काढून ठेवा

हे सोडून पुढं जाऊ नका. एनईसी-ऑप्टिआर्कसाठी बिनफ्लॅश आहे, ते ड्राइव्हमधलं सध्याचं फर्मवेअर फाइलमध्ये उतरवून देतं, आणि लाइट-ऑनसाठी ईप्रॉम युटिलिटी आहे, ती ईप्रॉम उतरवून देते. ईप्रॉम म्हणजे वेगळी छोटी मेमरी, तिच्यात त्या एकाच ड्राइव्हची लेझरची कॅलिब्रेशन माहिती असते, कारखान्यात मोजून भरलेली. दुसऱ्या ड्राइव्हची ती फाइल कधीच टाकू नका, मॉडेल हुबेहूब तेच असलं तरी नाही. स्वतःची मात्र दोन ठिकाणी ठेवा, नावात मॉडेल, अक्षर, व्हर्जन आणि तारीख लिहून.

प्रत्येक ड्राइव्हचं फर्मवेअर असं उतरवता येत नाही. तुमच्याचं येत नसेल तर निदान त्याच व्हर्जनची फाइल कंपनीकडं मिळते का ते बघा, आणि मिळत नसेल तर क्रॉसफ्लॅश करायचाच नाही, हा माझा नियम.

६. प्रत्यक्ष फ्लॅश

ड्राइव्ह मदरबोर्डच्या मुख्य साटा पोर्टला लावा. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर त्याच्या आत बहुतेक लॅपटॉपचाच स्लिम ड्राइव्ह आणि एक छोटा ब्रिज बोर्ड, म्हणजे साटाचं यूएसबी करणारा, असतो. तो ब्रिज फ्लॅशच्या खास कमांड पुढं जाऊ देईलच असं नाही, म्हणून शक्य असेल तर ड्राइव्ह बाहेर काढून स्लिम साटा अॅडॉप्टरनं सरळ जोडा. यूएसबीवरच करायचं असेल तर वीज पुरते का बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह त्याच्या वर मागू शकतो, म्हणून दोन तोंडांची केबल लागते. हब नको.

जुनी फ्लॅश टूल्स एएचसीआय मोडमध्ये (साटा ड्राइव्ह चालवायच्या नव्या पद्धतीत) अडतात, ड्राइव्ह दिसतच नाही. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, तेवढ्यापुरतं आयडीई मोड करून चालतं, पण विंडोज त्या मोडला सुरू होत नसेल तर डोकं खाऊ नका, दुसऱ्या जुन्या पीसीवर करा.

ट्रेमधली डिस्क काढा. नीरो, इमगबर्न, अँटिव्हायरसचं स्कॅन, फाइल एक्सप्लोररच्या उघड्या खिडक्या, सगळं बंद. यूपीएसवर लावलंय ना ते परत बघा. उन्हाळ्यात दुपारी लाईटचा भरवसा नसतो, व्होल्टेज पण खाली-वर होतंय, म्हणून हे काम सकाळी लवकर करा. मग टूल चालू करा आणि हात लावू नका. फ्लॅश चालू असताना एलईडी लुकलुकतो, काही ड्राइव्हमध्ये नुसता पेटून राहतो, स्क्रीनवरची पट्टी मध्ये थांबल्यासारखी वाटते. थांबू दे. रीसेट दाबायचं नाही, केबल काढायची नाही.

टूल म्हणालं की हा ड्राइव्ह जुळत नाही, तर ते खरं माना. ओळख तपासायची सोय बंद करणारे स्विच आणि पॅच मिळतात, पण टूल नाही म्हणतंय याचा अर्थ तुमची तिसरी पायरी अर्धवट राहिली, परत तिथं जा.

झालं की नुसतं रिस्टार्ट नको. पीसी पूर्ण बंद, मागचा स्विच बंद, थोडं थांबा, मग चालू.

७. तपासणी

हार्डवेअर आयडीची ओळ परत बघा, शेवटची चार अक्षरं बदललेली पाहिजेत. छापील सीडी, छापील डीव्हीडी वाचून बघा. मग कोरी डिस्क घालून इमगबर्नमध्ये मीडिया कोड आणि उपलब्ध स्पीड बघा, आधीपेक्षा स्पीड जास्त दिसत असतील तर तक्त्यात डिस्क आलीय असं समजा.

इथं डिस्कचं पण तेच आहे बरं का, वरचं नाव एक आणि बनवणारा दुसरा. कोडात सीएमसी मॅग दिसलं तर तैवानची सीएमसी, रायटेक म्हणजे रायटेक, एमसीसी म्हणजे मित्सुबिशी केमिकल, एमबीआय म्हणजे आपली मोझर बेअर. मोझर बेअर २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, त्यामुळं त्यांचा माल आता कुठं मिळाला तर तो जुना साठा आहे हे धरून चला, ऊन आणि दमट हवेत पडलेला असेल तर नवीन फर्मवेअरचा दोष काढू नका.

डिस्क लिहा, पण १६ एक्स ला नको, ८ एक्स पुरेसं आहे. १ एक्स म्हणजे सेकंदाला १३८५ किलोबाइट, त्यामुळं पूर्ण ४.७ जीबीची डिस्क ८ एक्स ला साधारण आठ-दहा मिनिटांत होते. मग डिस्कस्पीडनं एरर मोजा. पीआय एरर (वाचताना सापडलेल्या छोट्या चुका) याची मर्यादा २८० आणि पीआय फेल्युअर (त्यातल्या पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या) याची ४, याच्या बरंच खाली आलेख राहिला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे शेवटाकडं, डिस्कच्या बाहेरच्या कडेला, एकदम वर चढायला नको. फ्लॅशच्या आधी लिहिलेल्या डिस्कचा आलेख काढून ठेवला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, त्याच ड्राइव्हवर, त्याच स्पीडला मोजलेले. नवीन वाईट असेल तर जुनं फर्मवेअर परत टाका, त्यात काही कमीपणा नाही.

कोर्टासाठी सीडी करणाऱ्यांनी एक जास्तीचं करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये हॅश, म्हणजे फाइलमधून काढलेला तिच्या ओळखीचा कोड, लिहावा लागतो. हार्ड डिस्कवरच्या फाइलचा हॅश आणि लिहिलेल्या सीडीवरून वाचलेल्या फाइलचा हॅश, दोन्ही काढून जुळवा, आणि ती सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पण वाचून बघा. स्वतःच्याच ड्राइव्हला स्वतः लिहिलेली डिस्क वाचता येते, साहेबांच्या टेबलावरच्या पीसीला येईल असं नाही.

८. ड्राइव्ह दिसेनासा झाला तर

आधी पूर्ण वीज काढून परत लावा, दुसरं पोर्ट, दुसरी केबल. बायोसमध्ये दिसतोय पण विंडोजमध्ये नाही, तर आशा आहे. काही ड्राइव्हमध्ये सुरुवातीचा छोटा कोड फ्लॅशमध्ये पुसला जात नाही, तो नाव वेगळं किंवा अर्धवट सांगतो, आणि त्या अवस्थेत कंपनीचंच टूल परत योग्य फाइल स्वीकारतं. तुम्ही पाचव्या पायरीत ठेवलेली फाइल इथं लागते. बायोसमध्येच दिसत नसेल, ट्रे पण उघडत नसेल, तर चिप काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर लिहिणं हाच रस्ता राहतो, आणि डीव्हीडी रायटरसाठी तेवढा खर्च परवडत नाही. पेपर क्लिपनं आत अडकलेली डिस्क काढून घ्या, ड्राइव्ह ई-कचऱ्यात द्या, आणि पुढचा घेताना स्टिकर आधी वाचा.